फोटो म्हटलं की उठून जाणारी

नको, त्या दाराजवळच्या खुर्चीवर नका बसू. इकडे या, माझ्या शेजारी. लाइट यायला अजून तासभर तरी लागेल, कंदील मी टेबलावर ठेवतो. खुर्चीचं कारण शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तुम्ही हसाल.

मघाशी तुम्ही विचारलंत, इतक्या वर्षांत कधी न सुटलेला बिघाड भेटला का. मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, वर दुरुस्तीही करतो. माझ्या मते बिघाड असा काही नसतोच. कुणीतरी काहीतरी चुकवलेलं असतं आणि ते कबूल करत नसतं. लोक म्हणतात व्हायरस, लोक म्हणतात नजर लागली. मी म्हणतो, काल कुठलं बटण दाबलं ते आधी सांगा. असा मी तोंडाळ माणूस. तरी एक बिघाड मला भेटला आणि तो सुटला की नाही, हे मला आजही सांगता यायचं नाही.

साल नव्याण्णव, एप्रिल महिना. सकाळी दहाला बीडजवळच्या नेकनूरहून फोन आला. माझ्या क्लासमधली शिवकन्या बोलत होती. हुशार मुलगी. साऱ्या बॅचमध्ये तिला ओळखायला सोपं, कारण तिचे डोळे घारे होते, मधासारखे. घरात दुसऱ्या कुणाचे नव्हते. "पोरगी कुणावर गेली?" हा त्यांच्याकडे जुनाच थट्टेचा विषय, असं तिनेच सांगितलं होतं.

"सर, फोटो टाकला की प्रोग्राम बंद पडतोय. कालपासून चाळीस वेळा झालं. सात वाजता कार्यक्रम आहे. सर, तुम्ही याच."

तिच्या आवाजात रडू होतं, म्हणून कुठलं बटण दाबलं ते मी विचारलं नाही. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, दोन फ्लॉप्या आणि सीडी टाकली आणि साडेअकराची एसटी धरली.

शिवकन्येच्या आजोबांचं, महारुद्रअप्पांचं, घर म्हणजे पुढे किराणा-भुसाराचं दुकान आणि मागे राहायच्या खोल्या. जुनं लिंगायत वाणी कुटुंब. दुकानातून आत शिरलं की आधी गुळाचा वास, मग खोबऱ्याचा, आणि अगदी आत गेलं की भस्माचा कोरडा, गार वास. अप्पांचा मुलगा आणि शिवकन्येचा बाप संगमेश दारातच भेटला. घाम पुसत होता आणि त्याचा एक पाय बाहेरच होता.

"या सुग्रीवराव. मांडव अजून अर्धाच हाय. प्रोजेक्टरवाला औरंगाबादवरून आलाय, रात्री नऊला वापस निघतो म्हणतोय. आता सगळं तुमच्यावर." असं म्हणून तो गेलासुद्धा.

कार्यक्रम असा होता की गावातल्या मुलींच्या शाळेला अप्पांनी एक खोली बांधून दिली होती, त्यांच्या बायकोच्या, गंगासागरबाईंच्या नावाने. संध्याकाळी तिचं उद्घाटन. आणि त्यात शिवकन्येने तयार केलेले बावीस फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे होते. दुकानाचे, घराण्याचे, आणि सगळ्यात शेवटी आजीचा.

पण खरी गोष्ट शिवकन्येने मला चहा देता देता सांगितली. अप्पांना काचबिंदू होता. हैदराबादला दाखवून झालं होतं. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली दिवाळीपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता फक्त डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं, तेही वस्तू खूप मोठी असली तर.

"आजीचा फोटो हातात धरून बसतात, सर, पण दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, भिंतीएवढा करता येतो. तेव्हापासून दिवस मोजतायत. हा कार्यक्रम, भाषणं, हार, सगळं त्याच्यासाठी आहे. माणसं बोलवायची म्हणून बोलवलीत."

मी चहा तसाच ठेवला आणि मशीनसमोर बसलो.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. जमीन शहाबादी फरशीची. माझ्या पाठीशी आतल्या खोलीचं दार, अर्धं उघडं, आत काळोख. उजव्या हाताला पलंगावर अप्पा. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मान जराशी वाकडी करून डाव्या डोळ्याचा कोपरा माझ्याकडे धरलेला. शिवकन्या माझ्या शेजारी स्टुलावर.

"कर बाबा कायतरी," अप्पा म्हणाले. "लई आशेनं बसलोय."

मी पहिला फोटो टाकला. वाळूचं घड्याळ फिरलं, फिरलं, आणि पडद्यावर ती राखाडी चौकट आली.

"काय म्हणतंय?" अप्पांनी विचारलं.

"म्हणतंय, या प्रोग्रामने बेकायदेशीर काम केलंय, म्हणून बंद करतो."

"आँ? आपल्या घरात? आता मशीन पोलिसात जाणार काय बे?"

शिवकन्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मीही हसलो. कारण बिघाड मला तेवढ्यात कळला होता. बीडमध्ये ज्याने फोटो स्कॅन केले त्याने मशीनवरचा मोठ्यात मोठा आकडा निवडून टाकला होता. एकेक फोटो पंचवीस एमबीचा आणि कॉम्प्युटरची मेमरी सगळी मिळून बत्तीस, त्यातली अर्धी विंडोजच खायचं. पाव लिटरच्या भांड्यात कोण घागर ओततं? मी एकेक फोटो लहान करत गेलो, डिस्कवरचा कचरा काढला, आणि फोटो मुकाट्याने जाऊन बसू लागले. दुकानाची पूजा, संगमेशची मुंज नव्हे, त्यांच्यात दीक्षा म्हणतात ती, बैलगाडी, पहिला वजनकाटा, नवा ट्रक. अडीचपर्यंत एकवीस झाले. मी बोटं मोडली. मला वाटलं, चारची एसटी मिळते.

मग बाविसावा घेतला. आजीचा.

काळापांढरा फोटो. तिशीची बाई, भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली, मागे पडदा. डोईवर पदर, कपाळभर भस्म. चेहरा शांत. डोळे काळे, टपोरे, सरळ समोर बघणारे. मी तो लहान केला, सोळा आणे तयार केला, आणि आत टाकला.

घड्याळ फिरलं. राखाडी चौकट. बंद.

आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे, आतल्या खोलीत, कुणीतरी उठलं. फरशीवर जोडवी वाजली. चट्… चट्… चट्… चारपाच पावलं आतल्या आत गेली आणि थांबली. संगमेशची बायको विजयमालावहिनी आत पडल्या असतील, आमच्या बोलण्याने उठल्या असतील, असं मला वाटलं. मी आवाज जरा खाली आणला.

आता माझी जिद्द पेटली. दुसऱ्या नवीन फाइलमध्ये टाकून पाहिला. बंद. फोटोचं नाव बदललं, दुकानाच्या फोटोला आजीचं नाव दिलं आणि आजीच्या फोटोला दुकानाचं. दुकान बसलं. आजी बंद. दुसऱ्या प्रोग्राममधून उचलून चिकटवून पाहिलं. व्हायरस तपासायची फ्लॉपी फिरवली, काही नाही. मशीन बंद करून, शंभर मोजून, पुन्हा चालू केलं. बंद. आणि दर वेळी, चौकट आली रे आली की मागे जोडवी. उठायची. चट्… चट्… चट्… आत जायची.

गंमत अशी की परत येताना आवाज व्हायचा नाही. फक्त जाताना.

आमच्या धंद्यात एक पद्धत असते. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर वस्तू अर्धी करायची. ज्या अर्ध्यात दोष, ते पुन्हा अर्धं करायचं. असं कापत कापत दोषाला कोपऱ्यात गाठायचं. मी फोटोचे दोन तुकडे केले. खालचा, मांडी आणि हात, गुमान आत गेला. वरचा, बंद. वरच्याचे दोन. पदर आणि भस्म लावलेलं कपाळ, गेलं. खालचे ओठ आणि हनुवटी, गेलं. मधे दोन बोटं रुंदीची एक पट्टी उरली. फक्त डोळे.

पट्टी टाकली. घड्याळ फिरायच्या आधीच चौकट आली.

चट्… चट्… चट्…

मी म्हटलं, "शिवकन्या, आईला जरा पाणी आणायला सांग. आतच आहेत ना त्या."

शिवकन्येने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आई? आई तर बाराला शाळेत गेली, सर. रांगोळीला. घरात आपण तिघंच आहोत."

मी मागे वळून दाराकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण मान वळेना. अप्पा पलंगावर ताठ झाले होते. त्यांनी कान दाराकडे केला होता.

"शिवकन्या," ते अगदी हळू म्हणाले, "तू जा बाळा. शाळंत जाऊन त्या प्रोजेक्टरवाल्याला बघ. पळू देऊ नको त्याला."

ती गेली. तिच्या चपला दुकानातून बाहेर पडेपर्यंत अप्पा बोलले नाहीत.

"तुला बी ऐकू येतंय का, सुग्रीव?"

"काय, अप्पा?"

"जोडवी."

मी हो म्हणालो. अप्पांनी श्वास सोडला. "मला वाटलं मलाच येतंय. कालपासनं. पोरगी फोटो घालायची आन् इकडं… मी कुनाला बोललो न्हाई. म्हातारं भरमलं म्हनतेत."

"कोण आहे आत?"

त्यांनी उलट विचारलं, "कुठं अडतंय तुजं?"

"डोळ्यांवर. बाकी सगळा फोटो बसतो. डोळे आले की बंद पडतं."

बाहेर दुकानाचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी ती पट्टी चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडली आणि आठपट मोठी केली. तेव्हा मला दिसलं. ते डोळे फोटोतले नव्हते. ब्रशने काढलेले होते. काळ्या शाईचे फटकारे स्पष्ट दिसत होते. आणि त्या शाईच्या खाली, अगदी पुसट, पापण्यांची एक आडवी रेघ.

"अप्पा… हे डोळे रंगवलेले आहेत. खाली मिटलेले आहेत."

"हाव," अप्पा म्हणाले. "ती बसलेली न्हाई त्या फोटोत. बसवलेली हाय."

मी शेतकऱ्याच्या घरचा, आमच्यात माणूस गेलं की तिरडीवर आडवं. मला समजायला दोन क्षण लागले. मग मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"आमच्यात आडवं ठेवत न्हाईत," अप्पा सांगू लागले. "भस्म लावायचं, हार घालायचा आन् बसवायचं. समाधीत बी बसवूनच. बासष्ट साली गेली ती. संगमेश तीन वर्षाचा हुता. जित्तेपनी तिनं एक फोटो काढू दिला न्हाई बघ. फोटोवाला आला म्हटलं की उठून आत. लाजायची. हसायची बी, पदर तोंडात धरून. आन् मग गेल्यावर मला वाटलं, लेकराला आई कशी हुती ते कळाया नको? म्हनून बीडहून फोटोवाला आनला. आता तिला उठून जाता येत नव्हतं."

त्यांनी पलंगावरची चादर हाताने सारखी केली.

"फोटोवाल्यानं हार पुसला. मागं पडदा काढला. आन् मला इचारलं, अप्पा, बाईचे डोळे कशे हुते? म्हंजी तशे काढतो." अप्पांचा आवाज फाटला. "सतरा वर्षं संसार केला, सुग्रीव. मला सांगता आलं न्हाई."

"असं कसं, अप्पा?"

"तवाचं घर तुला काय ठावं. वडील, चुलते, भाऊ, तीस मानसं. दिवसा बायकोकडं बघायची टाप न्हवती. तिचा पदर नाकापत्तोर. रातच्याला दिवा इजवूनच आत जायचं. मी तिचा आवाज वळखत हुतो. पावलं वळखत हुतो. जोडव्यावरनं कळायचं, आज रागात हाय का खुशीत. पन डोळे… त्यानं मग आपल्या मनानं काढले. काळे. सदतीस वर्षं झाली, कुनाचे तरी डोळे तिला लावून भिंतीवर टांगलीय मी."

"मग अप्पा, एवढा मोठा करून कावून बघायचाय तुम्हाला?" मीही नकळत त्यांच्यासारखा बोलायला लागलो होतो.

"डोळे सोडून बाकी तर तिचंच हाय ना. कपाळ हाय. हनुवटी हाय. माझी नजर जायच्या आत एकदा…" त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "पन तिला न्हाई आवडत. जाऊंदे. रद्द कर."

घड्याळात साडेचार झाले होते. मला त्या म्हाताऱ्या माणसाची इतकी माया आली की भीती थोडी मागे सरली. मी म्हटलं, "अप्पा, मी मिटू का ते?"

"काय?"

"डोळे. शाई काढता येते इथे. गालाचा रंग घेऊन वरून लावायचा. खाली मिटलेलेच आहेत. ती जशी होती तशी दाखवू."

त्यांनी पलंगाचा काठ धरला. मग उठले, चाचपडत आले आणि माझ्या खांद्याला धरून शेजारी स्टुलावर बसले.

"मीट," ते म्हणाले. "खरं तर मलाच मिटायला पायजे हुते. हात दे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, माऊसवर. सुरकुतलेला, गरम, गुळाने चिकट हात. मी गालावरचा राखाडी रंग उचलला आणि ठिपका ठिपका करत डाव्या डोळ्यावर ठेवत गेलो. माझा हात हलला की त्यांचा हलायचा. मेलेल्या माणसाचे डोळे आपण तळव्याने मिटतो, एका क्षणात होतं ते. आम्हाला पाऊण तास लागला. अप्पा मधे मधे पुटपुटत होते, "झालं गं… झालं…" दुसरा डोळा मिटला तेव्हा चेहरा बदलला. खरं सांगतो, चेहरा सैल पडला. सदतीस वर्षं ताणून धरलेलं काहीतरी सुटावं तसा.

मी फोटो सेव्ह केला. इन्सर्ट दाबलं. वाळूचं घड्याळ फिरू लागलं.

आणि आतल्या खोलीत जोडवी वाजली. पण या वेळी ती जात नव्हती. येत होती. चट्… दाराशी… चट्… उंबऱ्याच्या अलीकडे… चट्… माझ्या खुर्चीच्या मागे. तिथे थांबली. खोबरेल तेलाचा वास आला, आणि भस्माचा. अप्पांची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली. घड्याळ फिरत होतं. माझ्या मागे कपड्याची सळसळ झाली, बसताना लुगडं सावरतात तशी.

फोटो पडद्यावर आला. चौकट आली नाही.

"बसली," अप्पा म्हणाले.

शिवकन्या परत आली तेव्हा मी घामाने भिजलो होतो. तिने पडदा पाहिला आणि म्हणाली, "सर, आजीचे डोळे…" अप्पा म्हणाले, "असूंदे. तशीच हाय ती." ती समजली असावी. तिने आजोबांचे पाय दाबले.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात पाचसहाशे माणूस. नव्या खोलीच्या बाहेरची चुना लावलेली भिंत हाच पडदा. कॉम्प्युटर टेबलावर, मी त्याच्यापाशी. संगमेश माइकवर एकेक फोटोची माहिती देत होता, माणसं ओळखी पटल्या की ओरडत होती. बाविसावा फोटो आला आणि संगमेश बोलता बोलता थांबला. मिटलेले डोळे त्याने पाहिले. त्याच्या समाजातली रीत त्याला काय नवीन होती? त्याने माइक खाली ठेवला, टोपी काढली आणि लहान मुलासारखा उभा राहिला.

अप्पा पुढच्या खुर्चीवरून उठले. कुणाचा हात न धरता भिंतीकडे गेले. प्रकाशाच्या झोतात शिरले तेव्हा गंगासागरबाईंचे दोन्ही हात त्यांच्या सदऱ्यावर, पाठीवर पडले. त्यांनी मान वाकडी केली, डाव्या डोळ्याचा कोपरा वर धरला आणि बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस आता रडेल. तो रडला नाही. मोठ्याने हसला.

"घारे!" अप्पा ओरडले. "घारे हायेत गं! शिवकन्या, इकडं ये. बघ, तुज्यावानी हायेत. तू हिच्यावर गेलीस!"

शिवकन्या धावत गेली. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले. माणसांना वाटलं, म्हातारा आनंदाने भ्रमला. मीही भिंतीकडे पाहत होतो. माझ्या हाताने मिटलेले डोळे मिटलेलेच होते. आणि फोटो तर काळापांढरा होता.

अप्पांची नजर दिवाळीच्या आधीच गेली. पण मी भेटायला गेलो की हसून म्हणायचे, "आता अंधार पडला तरी चालतंय रे. बघून झालं." दोन वर्षांनी तेही गेले. गंगासागरबाईंच्या शेजारीच त्यांना बसवलं.

आता खुर्चीचं. त्या कार्यक्रमात गावच्या फोटोवाल्याने एक फोटो काढला होता. अप्पा भिंतीसमोर हसतायत, तो क्षण. फ्लॅश मारून. भिंतीवरच्या चित्रावर फ्लॅश मारला की चित्र उडतं, कोरी पांढरी भिंत तेवढी येते, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या फोटोतही भिंत पांढरीच आहे. पदर नाही, कपाळ नाही, हात नाहीत. फक्त अप्पांच्या डोक्याच्या जरा वर, जिथे असायला हवेत तिथे, दोन उघडे डोळे आहेत. घारे. अप्पांकडे बघणारे.

गेल्या महिन्यात शिवकन्या तो फोटो घेऊन माझ्याकडे आली. तिचं लग्न ठरलंय, लग्नात दाखवायला घरातले फोटो हवेत, त्यात हाही घाला म्हणाली. ती गेल्यावर मी बसलो. इथेच, याच टेबलाशी. मशीन नवं आहे, मेमरी भरपूर, प्रोग्राम नवा. मी फोटो स्कॅन केला, लहान केला आणि आत टाकला.

बंद पडला.

मी लगेच हात जोडले. म्हटलं, चुकलं आजी, ते डोळे फक्त अप्पांसाठी होते. आणि फाइल पुसून टाकली. तेवढ्यात मागून आवाज आला. ह्या खोलीत फरशी नाही, बघा, प्लास्टिकचा जाड गालिचा आहे, त्यावर बुटांचासुद्धा आवाज होत नाही. त्या दाराजवळच्या खुर्चीवरून कुणीतरी उठलं, लुगडं सावरलं, आणि जोडवी वाजत जिना उतरून गेली. चट्… चट्… चट्…

मला भीती त्याची वाटली नाही. मला नंतर, घरी गेल्यावर, ताट पुढे आल्यावर सुचलं की ती उठून गेली, म्हणजे त्याच्या आधी तिथे बसलेली होती. किती वेळ, किती दिवस, ते मला माहीत नाही. शिवकन्या तीन वर्षं रोज त्या खुर्चीच्या पुढ्यातल्या मशीनवर, तिच्याकडे पाठ करून, शिकत होती, एवढं मात्र मला आठवलं. तेव्हापासून मी ती खुर्ची रोज सकाळी पुसतो आणि कुणाला बसायला देत नाही.